शिंगराच्या टापा : दाणा, वैरण आणि मोकळी चाल

घोड्याच्या बाजारांत गिऱ्हाईक प्रथम काय पाहतें? रंग पाहतें, मग भोंवरे पाहतें, देवमण आहे कीं नाहीं याचा खल करतें, ओठ उचलून दांत मोजतें, आणि अखेर घोडा फिरवून मानेचा व शेपटाचा डौल पाहतें. तापीकांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीस भरणारा बाजार घ्या, किंवा नांदेड जिल्ह्यांत माळेगांवीं खंडोबाच्या यात्रेंत भरणारा घ्या. चारी पाय एकामागून एक उचलून तळवे पाहणारें गिऱ्हाईक तेथें क्वचितच आढळतें. विकणाराहि हें जाणून असतो. म्हणून तो अंगास खरारा करतो, टापांस तेल व काजळ फांसतो, आणि निश्चिंत राहतो. वस्तुतः दोन-अडीच वर्षें दाणावैरण घालून वाढविलेलें शिंगरूं पुढें कामास येईल, कीं ठाणावर लंगडत उभें राहील, हें बहुधा त्या न पाहिलेल्या चार तळव्यांवरच ठरतें.

हा विषय आज घेण्यास कारण आहे. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२१ मध्यें बैलगाडा शर्यतींस पुन्हा वाट मोकळी करून दिली व मे २०२३ च्या निकालानें ती कायम केली. तेव्हांपासून पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत गाड्यापुढें पळणाऱ्या घोडीस पुन्हा मागणी आली आहे. इकडे भीमा-नीरेच्या कांठचें भीमथडी घोडें, जें एके काळीं मराठ्यांच्या फौजेचें वाहन होतें, त्याची देशांतील स्वतंत्र जात म्हणून नोंद २०२३-२४ च्या सुमारास झाली. यामुळें घरच्या घोडीचें शिंगरूं विकूं नये, आपणच वाढवावें, असें पुष्कळ बागाईतदारांच्या मनांत येऊं लागलें आहे. विचार चांगला आहे. पण हौसेनें वाढविलेल्या शिंगरांच्याच टापा अधिक बिघडलेल्या आढळतात, हें आम्हांस प्रथम सांगितलें पाहिजे.

मेंढरांमागें फिरणाऱ्या धनगराचें तट्टू पाहा. त्यास कोणी चंदी देत नाहीं, तोबरा तर त्याच्या स्वप्नांतहि नसतो. बिऱ्हाड पाठीवर घेऊन तें कोंकणाच्या तोंडापर्यंत जातें व परत येतें. वाटेंत मिळेल तें गवत खातें. त्याच्या टापा दगडासारख्या टणक, टाचा रुंद व तळवा खोल असतो. उलट वाड्याच्या ओसरीपुढें बांधलेलें शिंगरूं हरभरा खातें, दूध पितें, गूळतूप खातें, आणि दीड वर्षाच्या आंत त्याच्या टापांचे पापुद्रे सुटूं लागतात, टाचा आंवळतात, पुतळी कुजते. यांत धनगराच्या जनावराचा थोडा फायदा आहे हें खरें, कारण त्याच्या कळपांतील नाजूक पायांचें जनावर आधींच गळून पडतें व आपणांस फक्त टिकलेलें दिसतें. तरीहि मूळ गोष्ट उरतेच. एकाचा आहार साधा व चाल पुष्कळ, दुसऱ्याचा आहार भारी पण एकांगी व चाल शून्य.

टाप म्हणजे काय, हें एकदां नीट समजून घेतलें पाहिजे. बाहेरून दिसणारें कवच हें आपल्या नखाच्याच जातीचें, केराटिन नांवाच्या द्रव्याचें असतें. तें केंसांच्या रेषेपासून, म्हणजे जेथें कातडी संपून टाप सुरू होते तेथून, खालीं वाढत जातें. एकदां तयार झालेलें कवच पुन्हा सुधारत नाहीं. त्यास ना रक्त पोंचतें, ना औषध. भेग पडली तर ती सांधली जात नाहीं. वरून नवें कवच उतरेल तेव्हां ती खालीं सरकून झिजून जाते, इतकेंच. मोठ्या घोड्याच्या टापेंत महिन्यास सुमारें ६ ते १० मिलिमीटर वाढ होते, त्यामुळें पुढच्या बाजूचें कवच वरपासून खालपर्यंत बदलण्यास नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंत काळ लागतो. शिंगराची वाढ याहून बरीच जलद. पहिल्या कांहीं महिन्यांत ती महिन्यास १५ मिलिमीटरच्या घरांत असते, वर्षाच्या सुमारास १२ मिलिमीटरपर्यंत येते. टाप लहान व वाढ जलद, म्हणून दूध तुटलेल्या शिंगराची सबंध टाप साधारण सहा महिन्यांत नवी होते. थोर घोड्यास जें सुधारण्यास वर्ष लागतें तें शिंगरास एका हंगामांत साधतें. आणि बिघडतेंहि तितक्याच लवकर.

टापेवर आडव्या वळ्या दिसतात. त्या म्हणजे जनावराची खतावणीच होय. ताप आला, वैरण एकाएकीं बदलली, दूध तोडतांना हाल झाले, कीं त्या दिवसांची वळी उमटते व महिन्यामहिन्यानें खालीं उतरत जाते. वळ्या बारीक व समांतर असल्या तर चिंता नाहीं. त्या खोल असतील, अथवा टाचेकडे त्यांमधील अंतर वाढत जात असेल, तर टापेच्या आंतील पडद्यास केव्हां तरी सूज येऊन गेली असें समजावें. बाजारांत काजळ फांसलेल्या टापेवरूनहि बोटाचें टोक फिरविलें तर ही खतावणी वाचतां येते.

आतां आहार. शिंगराच्या आहाराचा विचार शिंगरूं जन्मण्यापूर्वींच सुरू होतो. घोडी सुमारें अकरा महिने गाभण असते. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भ झपाट्यानें वाढतो, आणि तांब्यासारख्या कांहीं खनिजांचा सांठा गर्भाच्या यकृतांत याच काळांत होतो. घोडीचें दूध तांब्याच्या बाबतींत दरिद्री असल्यामुळें शिंगरूं पहिले महिने त्या सांठ्यावर काढतें. गाभण घोडीस नुसत्या कडब्यावर ठेवून शिंगरूं जन्मल्यावर तुपाचा रतीब लावणें म्हणजे पेरणी चुकवून राखणदार ठेवण्यासारखें आहे.

दूध तुटल्यावर, म्हणजे सहाव्या महिन्यापासून, खरी जबाबदारी मालकावर येते. टापेच्या केराटिनांत गंधक असलेलीं आमिनो आम्लें पुष्कळ लागतात, त्यांत मेथिओनीन मुख्य. हरभरा व कुळीथ यांत प्रथिनें भरपूर असलीं तरी मेथिओनीन कमी असतें. म्हणून नुसता हरभरा पोटभर दिला तरी टाप सुधारत नाहीं. मालक आणखी हरभरा वाढवितो, आणि त्यानें निराळेंच दुखणें उद्भवतें. तिळाची पेंड या कामीं फार उपयोगी आहे, कारण मेथिओनीन तिच्यांत इतर बहुतेक पेंडींपेक्षां अधिक असतें. ती ताजी, बुरशी नसलेली असावी. भुईमुगाच्या पेंडीस बुरशी लवकर लागते व त्या बुरशीचें विष यकृतावर उतरतें, म्हणून शिंगरास ती न दिलेलीच बरी. सरकी व सरकीची पेंड गुरांस चालते, शिंगरास देऊं नये.

दुसरी गोष्ट चुना व फॉस्फरस यांच्या प्रमाणाची. घोड्याच्या सबंध आहारांत चुना, म्हणजेच कॅल्शियम, हा फॉस्फरसापेक्षां कमी कधींहि असूं नये. दीडपट ते दुप्पट असला तर उत्तम. आमच्याकडे घोड्यास गव्हाचा कोंडा देण्याची फार चाल आहे. कोंडा हलका, पोट साफ ठेवणारा, अशी त्याची कीर्ति. परंतु कोंड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो. कोंडा व दाणा यांवरच शिंगरूं वाढविलें तर शरीर आपल्याच हाडांतील चुना काढून रक्तांत भरतें. हाडें मऊ होतात, चाल अवघडते, जबड्याचीं हाडें फुगून तोंड मोठें दिसूं लागतें. आणि ज्या हाडाभोंवतीं टाप बसलेली असते तेंहि हाडच आहे. लसूणघास याच्या अगदीं उलट आहे. तिच्यांत कॅल्शियम फॉस्फरसाच्या पांच-सहा पट असतें. म्हणून थोडा कोंडा व पुरेशी लसूणघास यांची जोडी जमते, नुसता कोंडा जमत नाहीं. हत्तीगवत व उसाचें वाढें यांत ऑक्झलेट असतें, तें चुन्यास पोटांतच बांधून ठेवतें. बागाईत गांवांत हीं दोन्ही फुकटांत मिळतात, म्हणून हा इशारा तेथें विशेष लागू आहे. त्यांवर एकट्यावर शिंगरूं ठेवूं नये. हिरवी ज्वारी तर घोड्यास मुळींच घालूं नये. तिनें मूत्राशयाचा विकार होतो व मागचे पाय लुळे पडतात. वाळलेला कडबा थोडा चालतो, पण तो पोट भरण्यापुरता, वाढीसाठीं नव्हे.

सुमारें दोनशें किलो वजनाच्या, वर्षाच्या शिंगरास एका दिवसाचें खाणें कसें असावें याचा एक अंदाज देतों. चांगलें वाळलें गवत दोन किलो. वाळलेली लसूणघास दीड किलो, किंवा हिरवी असल्यास सहा-सात किलो. भरडलेला हरभरा अर्धा किलो व जव अथवा ओट भरडून अर्धा किलो. गव्हाचा कोंडा पाव किलो. तिळाची पेंड शंभर ग्रॅम. त्याखेरीज घोड्यांसाठींच तयार केलेलें खनिज मिश्रण डब्यावर लिहिलेल्या मापानें, आणि गव्हाणींत चाटण्यास मिठाचा खडा. हरभऱ्याऐवजीं कुळीथ द्यावयाचा तर तो शिजवून द्यावा. दाणा दोन किंवा तीन वेळांत वांटावा, वैरण आधीं व दाणा मागाहून. पाणी सदैव समोर असावें. शिंगराचें वजन डोळ्यांनीं ठरवूं नये. गांवाजवळ वजनकांटा असतोच, त्यावर दोन महिन्यांनीं एकदां उभें करावें. नवीन खाद्य आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवून सुरू करावें, एका रात्रींत नव्हे.

येथें एक गोष्ट ठळकपणें सांगतों. कोंबड्यांसाठीं तयार केलेलें खाद्य व गुरांसाठींचें कांहीं तयार खाद्य यांत मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशीं औषधें मिसळलेलीं असतात. कोंबडीस व बैलास तीं मानवतात. घोड्यास अल्प मात्रेंतहि मारक ठरतात, हृदयाचे स्नायू निकामी करतात. शेजारच्या कुक्कुटपालनाच्या शेडांतील उरलेलें पोतें शिंगरापुढें ओतलें व सकाळीं शिंगरूं मेलेलें आढळलें, असें होऊं शकतें. ज्या पोत्यावर घोड्याचें नांव नाहीं तें पोतें पागेंत आणूंच नये.

जस्त व तांबें यांची उणीव टापेंत लगेच दिसते. कवच ठिसूळ होतें, खिळ्याच्या जागीं तुटतें. कोरड्या खाद्याच्या दर किलोमागें जस्त ४० मिलिग्रॅम व तांबें १० मिलिग्रॅम इतकें मिळावें असा संशोधकांचा हिशेब आहे, आणि वर सांगितलेल्या खनिज मिश्रणाचें प्रयोजन मुख्यतः हेंच. बायोटिन नांवाचें जीवनसत्त्व हल्लीं फार बोललें जातें. ऑस्ट्रियांतील लिपिझानेर जातीच्या घोड्यांवर प्रयोग झाला होता व त्याचे निष्कर्ष १९९५ सालीं प्रसिद्ध झाले. रोज २० मिलिग्रॅम बायोटिन दिल्यानें टापांचें शिंग सुधारलें, पण त्यास नऊ महिने लागले. पांचशें किलोच्या घोड्यास जें १५ ते २० मिलिग्रॅम तें दोनशें किलोच्या शिंगरास सहा ते आठ मिलिग्रॅम होईल. तें महिनाभर देऊन गुण नाहीं म्हणून सोडणारे पैसे फुकट घालवितात. ज्याची टाप निरोगी आहे त्यास बायोटिनाची गरज नाहीं, असें आमचें मत आहे. सेलेनियमच्या बाबतींत मात्र उदारपणा करूं नये. त्याची गरज अत्यल्प, आणि दोन-तीन प्रकारचीं टॉनिकें एकदम सुरू केल्यानें तें सहज जास्त होतें. मग आयाळ व शेपटीचे केंस झडतात, केंसांच्या रेषेखालीं आडवी भेग पडून टाप सुटूं लागते. टाप सुधारण्यासाठीं दिलेलें टॉनिकच टाप काढून घेतें.

जास्त खाणें हें कमी खाण्याइतकेंच, किंबहुना अधिक, घातक आहे. बाजारापूर्वीं दोन महिने शिंगरास दूध, तूप, गूळ व बाजरी चारून त्याच्या अंगावर गोलाई आणण्याची रीत सर्वत्र दिसते. गिऱ्हाइकाचे डोळे दिपतात, पण कोंवळ्या हाडांवर ओझें पडतें, गुडघ्याच्या व घोट्याच्या वर गांठीसारखी सूज येते. त्याहून भयंकर म्हणजे टापेच्या आंतील दाह, ज्यास डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात. शिंगरूं रात्रीं सुटून हरभऱ्याच्या पोत्यांत तोंड घालतें. मोठ्या आंतड्यांत त्या दाण्याचें आंबवण होतें, विष रक्तांत जातें, आणि टापेचें कवच व आंतील हाड यांस जोडणारे पडदे सुजतात. टाप गरम लागते, घोट्यामागील नाडी ठणठण उडते, जनावर पुढचे पाय पुढें टाकून सारें वजन मागें झेलीत उभें राहतें. अशा वेळीं "पाय मोकळे होतील" म्हणून त्यास फिरवणारे लोक असतात. तसें कधीं करूं नये. प्रत्येक पावलागणिक ते सुजलेले पडदे फाटतात व हाड तळव्याकडे कलतें. पशुवैद्यास तत्काळ बोलवावें, तोंपर्यंत जाड मऊ बिछान्यावर उभें ठेवून टापांवर व घोट्यापर्यंत बर्फाचें पाणी सतत ठेवावें, दाणा बंद करावा. पोतें फोडल्याचें कळतांच, लक्षणें दिसण्याची वाट न पाहतां, हें सर्व सुरू केलें तर टापा वांचण्याची आशा अधिक.

आहारानें चांगलें शिंग तयार होतें, पण टापेस आकार येतो तो चालण्यानें. टापेच्या तळाशीं मागील बाजूस पाचरीसारखा, रबरासारखा लवचिक भाग असतो, त्यास पुतळी म्हणतात. तिच्या वर आंतल्या अंगास एक मऊ गादी असते. पाऊल पडतांच टाचा किंचित् फांकतात, गादी दबते, आणि टापेच्या कडेच्या शिरांतील रक्त वर ढकललें जातें. पाऊल उचलतांच नवें रक्त आंत येतें. चालणारें जनावर अशा रीतीनें प्रत्येक पावलास आपल्या टापेस खाऊ घालीत असतें. जन्मलेल्या शिंगराची ही गादी अगदीं मऊ, चरबीसारखी असते. पहिल्या दोन वर्षांत पुष्कळ चालणें झालें तरच ती तंतुमय व दणकट बनते. ज्या शिंगराची हीं वर्षें आगाडी-पिछाडींत गेलीं त्याच्या टाचा अरुंद राहतात, आणि ती उणीव पुढें कितीहि खुराक दिला तरी पुरी भरून निघत नाहीं.

म्हणून शिंगरूं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आईबरोबर मोकळें सोडावें. त्याच्या टापांच्या टोंकाशीं जन्मतः मऊ झालरीसारखा भाग असतो, तो आईच्या पोटास इजा होऊं नये म्हणून असतो व चालूं लागतांच आपोआप झडतो. तो कापण्याची घाई करूं नये. एखादा पडीक तुकडा कुंपण घालून राखतां आला तर सर्वांत उत्तम. तारेचें कुंपण टाळावें, विशेषतः कांटेरी. त्या तुकड्यांत जमीन एकसारखी नसावी. थोडी मुरमाड, थोडी मऊ, जमल्यास थोडा चढ. पाण्याचा हौद एका टोंकास व गवताची गव्हाण दुसऱ्या टोंकास ठेवली तर शिंगरूं दिवसभर आपणच फेऱ्या घालतें, मोतद्दाराचा खर्च वांचतो. जागा नसेल त्यानें वर्षाच्या शिंगरास सकाळ-सायंकाळ अर्धा-अर्धा तास हातीं धरून पायवाटेनें चालवावें. सरळ वाटेनें न्यावें. दोरीच्या टोंकास गोल फिरविण्याची रीत दोन वर्षांच्या आंतील जनावरास वर्ज्य समजावी, कारण वळणावर कोंवळ्या सांध्याच्या एकाच बाजूस भार येतो. डांबरी रस्त्यावर चालणें चालेल, दुडकी चालविणें चालणार नाहीं.

गुडघ्याच्या वरचें वाढीचें हाड साधारण दोन ते अडीच वर्षांचें वय झाल्यावरच पक्कें होतें. त्यापूर्वीं पाठीवर स्वार घेणें, अथवा लग्नाच्या वरातींत नाचण्यासाठीं फरशीवर ढोलकीच्या तालावर उड्या शिकविणें, हें जनावराच्या पुढच्या दहा वर्षांचें भांडवल आजच मोडून खाणें होय. नाचरा घोडा लवकर तयार झाला कीं किंमत लवकर येते, हें आम्ही जाणतों. पण त्याच घोड्याचे गुडघे सहाव्या वर्षीं पाहिले म्हणजे किंमत कोणी दिली हें कळतें. नालहि काम सुरू होण्यापूर्वीं ठोकूं नयेत. नाल ठोकलेल्या टापेच्या टाचा मोकळेपणीं फांकत नाहींत.

पावसाळा हा टापांचा शत्रु. काळ्या जमिनीचा चिखल पुतळीच्या खांचांत भरून घट्ट बसतो, त्यावर शेण-मूत पडतें, हवा पोंचत नाहीं, आणि हवा नसलेल्या जागीं वाढणारे जंतु पुतळी कुजवितात. काळा स्राव व दुर्गंधि हीं त्याचीं लक्षणें. उपाय साधा आहे. रोज एकदां चारी पाय उचलून बोथट आंकड्यानें खांचा साफ कराव्यात, ठाण मुरमानें उंच व उतरतें करावें, मुताची ओल काढून टाकून भाताचा तूस किंवा कोरडें पाचट पसरावें. कुजलेल्या जागेस मोरचुदाचें सौम्य पाणी चालतें, परंतु खोल जखम असल्यास पशुवैद्यास दाखवावें. टापांस तेल चोपडण्यानें चमक येते, पोषण होत नाहीं. तेल आंत जात नाहीं. चिखलांत भिजणें व उन्हांत करपणें हें आळीपाळीनें दिवसांतून चार वेळां घडलें तर उत्तम टापहि तडकते, म्हणून आषाढ-श्रावणांत निदान रात्रीं तरी कोरडी जागा द्यावी.

टापा छाटण्याची वेळ बहुतेक जण चुकवितात. शिंगरूं एक-दोन महिन्यांचें असतांनाच नालबंदानें पहिल्यानें पाहावें, व पुढें दर चार ते सहा आठवड्यांनीं कानशीचा हलका हात फिरवावा. पाय घोट्यापाशीं आंत किंवा बाहेर वळला असेल तर तो पहिल्या दोन-तीन महिन्यांतच सुधारतां येतो; त्यानंतर घोट्याजवळील वाढ मंदावते व छाटणीनें पाय सरळ करूं जाणें म्हणजे सांध्यावर जुलूम होतो. नालबंदास दोन गोष्टी आधींच बजावाव्यात: पुतळी कोरून बारीक करूं नये, आणि टापेचें बाहेरचें चकचकीत अंग कानशीनें घांसून काढूं नये. पहिल्या आठवड्यापासून रोज पाय हातांत घेण्याची संवय लावली असेल तर शिंगरूं उभें राहतें, नालबंदाचा वेळ वांचतो व फास टाकून पाडण्याचा प्रसंग येत नाहीं.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेल्यामुळें असेल, पण नोंद नसलेल्या कामावर आमचा विश्वास बसत नाहीं. एक साधी वही करावी. पहिल्या तारखेस पुढच्या उजव्या टापेवर, केंसांच्या रेषेखालीं बोटभर अंतरावर, कानशीच्या कडेनें अगदीं बारीक, वरवरची खूण करावी, व रेषेपासून खुणेपर्यंतचें अंतर मिलिमीटरांत मोजून लिहावें. महिन्यानें तेंच अंतर पुन्हा मोजावें. वाढ किती झाली तें कळतें. त्याच ओळींत वजन, त्या महिन्यांतील दाणावैरण, व छाटणीची तारीख लिहावी. वर्षाच्या शिंगरास महिना १२ मिलिमीटरांऐवजीं सात-आठच वाढ होत असेल, तर खाणें किंवा चालणें यांपैकीं कांहीं तरी उणें आहे, किंवा पोटांत जंत आहेत; शेण तपासून घ्यावें. आहारांत बदल केल्यावर केंसांच्या रेषेखालीं उतरणारें नवें शिंग जुन्यापेक्षां गुळगुळीत आहे कीं नाहीं, तें दीड-दोन महिन्यांत बोटास लागतें. जमिनीपर्यंत तें पोंचेतोंपर्यंत धीर धरावा, मध्येंच खाद्य बदलूं नये.

राहतां राहिली नालबंदाची टंचाई. बहुतेक तालुक्यांत आतां एखाददुसराच जाणता नालबंद उरला आहे, व तो एका शिंगरासाठीं तीस मैल येत नाहीं. यावर उपाय इतकाच कीं, चार-पांच गांवांतील घोडीवाल्यांनीं मिळून महिन्यांतील एक दिवस ठरवावा, सर्व शिंगरें एका मळ्यांत सावलीस आणावींत, आणि त्यास दिवसाची ठरलेली मजुरी व येण्याजाण्याचा खर्च द्यावा. ज्याच्या घरीं त्या दिवशीं छाटण्यासारखें कांहीं नसेल त्यानेंहि आपला वांटा द्यावा, म्हणजे पुढच्या महिन्यांतहि तो येतो.